आई आणि आयी

चिनी भाषेत 'मामा' म्हणजे आई. 'बाबा' म्हणजे बाबाच. आणि 'आयी' म्हणजे मावशी, म्हणजे आईच्या वयाची कुठलीही बाई, आणि घरी मुलं सांभाळायला येणारी बाईसुद्धा. आता एका सोलापुरी घरात एक तान्हं पोर, त्याची आई, त्याची आयी आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर येणारा त्याचा सख्खा मामा एवढी माणसं एकत्र आली की काय होईल, जरा कल्पना करा. मामाचा फोन आला की धाकटा "मामा! मामा!" करून उड्या मारायचा, आणि आमची आयी एकदा स्क्रीनवरच्या त्या मिशाळ माणसाकडे आणि एकदा माझ्या बायकोकडे बघायची. तिचा संशय फिटायला सहा महिने लागले.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दालियनला गेलो आणि २०२० च्या जानेवारीत परत आलो. परत आलो म्हणजे सुट्टीला आलो होतो. पण ते नंतर.

दालियन कुठे आहे ते मलाही प्रोजेक्ट मिळेपर्यंत माहीत नव्हतं. चीनच्या ईशान्येला, समुद्रात घुसलेल्या एका टोकावर. तिथे मोठं सॉफ्टवेअर पार्क आहे आणि बरंचसं काम जपानी कंपन्यांचं चालतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली दहापर्यंत जातो. सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे संक्रांतीच्या आसपास पहाटे चादर ओढून घेण्याएवढी माहीत. एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीस अंशांत वाढलेली आम्ही माणसं.

चीनला जातोय म्हणून सांगायला गेलो तेव्हा मित्रांनी "काय बे, चायनाला? माल स्वस्त बघून पाठव" असं आशीर्वाद दिल्यासारखं म्हटलं. वडील मात्र पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आपल्याकडून एक जण गेला होता. परत आला नाही." सोलापुरात हे वाक्य कुणाबद्दल आहे हे सांगावं लागत नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९१० चा जन्म, सोलापूरचाच. १९३८ मध्ये काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले एक. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. आमच्या वडिलांचा विनोद असा असतो. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तर आयी.

आम्ही नवराबायको दोघंही एकाच ऑफिसात. थोरली सहा वर्षांची, तिला तिथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत घातली. (इंटरनॅशनल शाळेची फी ऐकून मी दोन मिनिटं खुर्ची धरून बसलो होतो.) धाकटा दहा महिन्यांचा. सांभाळायला बाई हवीच. ऑफिसातल्या एकीनं तिच्या सोसायटीतली एक बाई पाठवली. वय पंचावन्नच्या पुढे, केस कापलेले, आवाज असा की खालच्या मजल्यावरून लिफ्ट थांबवेल. तिनं आल्या आल्या धाकट्याचे पाय हातात घेतले, ते गार लागले, आणि तिनं आम्हाला झापलं. शब्द कळला नाही, पण झापलंय हे सगळ्या भाषांत सारखंच कळतं.

पुढची साडेतीन वर्षं ही झापझापी चालूच राहिली. पाणी गारच का पाजता, गरम पाजा. मोजे का नाहीत. पँटच्या आत आणखी एक पँट का नाही. ऑक्टोबर लागला की तिनं पोराला एवढे कपडे चढवावेत की त्याचे हात खाली येऊ नयेत. रस्त्यावर अनोळखी आज्यासुद्धा थांबून पोराची पँट वर करून घोटे उघडे आहेत का ते तपासायच्या. बायको सुरुवातीला चिडायची. आई सोलापूरहून व्हिडिओवर हे सगळं बघायची आणि म्हणायची, "बाई शहाणी आहे." आयीनं एकदा त्याला खालून फाटकी, म्हणजे मुद्दामच उघडी शिवलेली पँट घातली, डायपरची कटकट नको म्हणून. आम्ही हादरलो. आई म्हणाली, "मग? तू दोन वर्षांचा होईपर्यंत नुसत्या झबल्यात होतास." दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण पार्टी एकच होती.

थोरली तीन-चार महिन्यांत बोलायला लागली आणि मग तीच आमची दुभाषी. एकदा जेवताना आयी काहीतरी बराच वेळ सांगत होती. थोरलीनं भाषांतर केलं, "बाबा, ती म्हणते ती कापडाच्या फॅक्टरीत होती, मग तिला खाली उतरवलं." मला आधी वाटलं जिन्यावरून. मग ऑफिसात विचारल्यावर कळलं, तिकडे कामावरून कमी करण्याला शब्दच तसा आहे, जागेवरून उतरवणं. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या ईशान्य भागातले सरकारी कारखाने धडाधड बंद झाले आणि लाखो कामगार असे 'उतरले'. माझे आजोबा सोलापुरात गिरणीत होते. ती गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. भोंगा वाजायचा बंद झाला त्यानंतर कितीतरी दिवस आजोबा त्याच वेळेला उठून चपला घालून दारात उभे राहायचे. हे मी आयीला सांगायला गेलो, माझ्या मोडक्या चिनीत. "माझे आजोबा. कापड फॅक्टरी. उतरले." तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. पोळी आमचीच होती, पण असो.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सोलापूरच्या माणसाला दालियनमध्ये काय मिळावं? ज्वारी! काओलियांग म्हणतात तिला. त्या ईशान्य चीनमध्ये ती पूर्वीपासून पिकते, आता बरीचशी दारू गाळायला जाते. आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडीसारखी पांढरीशुभ्र नाही, लालसर. बायकोनं दुकानातून पीठ आणून भाकरी थापली. विटेच्या रंगाची झाली, कडांना चिरा गेल्या, पण वास... वास बरोबर होता. आयी मात्र अवाक. तिच्या लहानपणी हे रेशनवर मिळायचं, तांदूळ-गहू कमी पडायचे म्हणून. गरिबीचं धान्य. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं आपणहून पैसे देऊन ते खातात हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. शेंगाचटणी मात्र पटली. तिकडे शेंगदाणे मुबलक, आणि आमच्याकडे आईनं दिलेला लोखंडी खलबत्ता (बॅगेत तेवढ्यासाठी आठ किलो गेले, विमानतळावर उघडून दाखवावा लागला). आयी चटणी वाफवलेल्या पावात भरून खायची आणि घरी डब्यातून न्यायची.

थोरलीच्या शाळेबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगतो की तिकडचे पाढे नऊ नव्वे एक्क्याऐंशीला संपतात. आजीला हे कळल्यावर दर रविवारी फोनवर तेरा ते एकोणीस घेतले जायचे. थोरली अजूनही एकोणीसचा पाढा मराठीत आणि बाकीचा हिशोब चिनीत करते. तिला विचारलं तर म्हणते, चिनी आकडे छोटे आहेत, डोक्यात पटकन फिरतात.

कोटणीसांचं आयीला माहीत होतं का? होतं. तिच्या पिढीला शाळेत माओचा बेथ्यूनवरचा लेख पाठ करायला लावायचे. नॉर्मन बेथ्यून, कॅनडाचा सर्जन, १९३९ मध्ये तिथे युद्धावर काम करता करता गेला. त्याच्या नावानं काढलेल्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले. मी मोबाईलवर कोटणीसांचा फोटो दाखवला तर ती लगेच म्हणाली, "ख-दिहुआ!" त्यांचं चिनी नाव. मी छाती पुढे काढून म्हटलं, माझ्या गावचे. माझं गाव आणि त्यांचं गाव एकच. त्या दिवसापासून सोसायटीच्या बागेतल्या सगळ्या आज्यांना आम्ही ख-दिहुआच्या गावचे. भाजीवाला दोन कांद्याच्या पाती जास्त टाकायला लागला. पाऊणशे वर्षांपूर्वी कुणीतरी केलेल्या कामाचं व्याज मी खात होतो.

दालियनमध्ये तीन वर्षं काढल्यावर मला कळलं की कोटणीसांच्या पत्नी क्वो छिंगलान म्हाताऱ्या होऊन याच शहरात गेल्या, २०१२ मध्ये. आम्ही पोचायच्या चारच वर्षं आधी. त्या परिचारिकांना शिकवायच्या, कोटणीसांशी लग्न झालं १९४१ च्या अखेरीस. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा. व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा पाहिलेल्यांना बाप ठाऊक असतो. मुलाचं पुढे काय झालं हे मलाही ठाऊक नव्हतं. तोही डॉक्टरकीच शिकत होता आणि १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत, गेला. बाईंनी त्यानंतर पंचेचाळीस वर्षं काढली. मी त्याच शहरात रोज ऑफिसला जात होतो.

आता जे सांगायला बसलोय ते.

चिनीत सूर महत्त्वाचा. 'आयी' मधला 'आ' सपाट आणि 'यी' वर चढतो, आपण प्रश्न विचारताना चढवतो तसा. आपली 'आई' खाली उतरते. मोठ्या माणसाच्या कानाला फरक कळतो. पण अडीच वर्षांचं पोर झोपेत ओरडतं तेव्हा?

२०१८ च्या हिवाळ्यात त्याला ताप होता. रात्री दोन-अडीचला तो रडत उठला आणि हाका मारायला लागला. बायको त्याच्या शेजारीच होती. तिनं घेतला तर तो हातपाय झाडून आणखी जोरात ओरडायला लागला. तासाभरानं झोपला. सकाळी चहा करताना बायकोनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तू ऐकलंस ना. कुणाला बोलवत होता?"

मी म्हटलं, "तुलाच."

सूर चढता होता. मी ऐकला होता. तिनंही ऐकला होता.

त्यानंतर दोन आठवडे बायकोनं सुट्टी टाकली आणि आयीला येऊ नको म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. पगार पूर्ण दिला. आयी तिसऱ्या दिवशी बागेत भेटली आणि मला विचारलं, माझं काही चुकलं का? मी म्हटलं नाही नाही, ताप आहे, आई घरी आहे. आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघून आलो. दोन आठवड्यांनी प्रोजेक्टची डेडलाइन आली आणि आयी परत आली. पोरानं दारातच तिच्या पायांना मिठी मारली. बायको बूट घालत होती. तिनं लेस जरा जास्तच वेळ बांधली.

मला तेव्हा वाटलं होतं की हे आपोआप सुटेल. आम्ही इंजिनिअर लोक बऱ्याच गोष्टी अशाच 'नंतर बघू' मध्ये टाकतो.

२०२० च्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला आलो. सिद्धेश्वरची यात्रा पोरांनी कधी पाहिलीच नव्हती. नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे, सगळं यथासांग झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं परतीचं तिकीट होतं. बरोबर दोन बॅगा. तिकडे फ्रीजरमध्ये आयीनं करून ठेवलेले पालेभाजीचे मोदक (ते त्यांना च्याओझ म्हणतात, पण आमच्याकडे मोदकच). जानेवारी संपता संपता कंपनीनं कळवलं, येऊ नका. मग मार्च उजाडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही त्याच जगात होता.

घराचा करार मे महिन्यात संपला. आयीनं एका सहकाऱ्याबरोबर जाऊन घर रिकामं केलं. वीचॅटवर व्हिडिओ लावून एकेक वस्तू उचलून दाखवायची, हे ठेवू की देऊन टाकू? खलबत्ता दाखवला तेव्हा बायको म्हणाली, "तुला ठेव." धाकटा तेव्हा सव्वाचार-साडेचारचा, तिच्याशी तिच्याच बोलीत भांडत होता की माझी सायकल कुणाला देऊ नको. दालियनच्या बोलीला तिकडचे लोक 'कालवांचा वास येणारी' म्हणतात, समुद्रातली कालवं. ऑफिसात त्याचा व्हिडिओ दाखवला की सगळे हसून लोळायचे, भारतीय पोर आणि भाषा कोळीवाड्याची! मला त्याचा फार अभिमान होता. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा माझ्या 'बे' ला हसायचे, ते आठवायचं.

जूनच्या मध्यावर गलवान झालं. २९ जूनला सरकारनं एकोणसाठ चिनी ॲप बंद केली, त्यात वीचॅट. काही दिवसांत आमचं आणि आईच्या फोनवरचंही बंद पडलं. गल्लीतल्या पोरांनी धाकट्याला 'चायना' आणि 'कोरोना' अशी दोन नावं ठेवली. एक दिवस तो घरात येऊन म्हणाला, "मी चिनी बोलणार नाही." थोरली त्याच्याशी चिनीत बोलायला गेली तर कानावर हात ठेवायचा. आम्ही दोघांनी काही केलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा बरंच वाटलं होतं. घरात एकच आई उरली, भानगड मिटली. हे मी कुणाला बोललो नव्हतो, आज लिहितोय.

दिवाळीपर्यंत त्याचं चिनी साफ गेलं. सहा महिने. चार वर्षांचं पोर भाषा शिकतं त्याचं लोक कौतुक करतात, विसरतं किती वेगानं ते कुणी सांगत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या नववर्षाला, थोरली हट्टाला पेटली की आयीला फोन करायचा. साधा, आयएसडी. मी लावला. थोरली दहा मिनिटं बोलली, मग फोन धाकट्याच्या कानाला लावला. पलीकडून आयीचा तोच लिफ्ट थांबवणारा आवाज. जेवलास का, असं विचारत होती. तिकडे कुणी भेटलं की तेच विचारतात. धाकट्यानं बहिणीकडे बघितलं. त्याला कळलं नव्हतं. तिनं परत विचारलं. परत. मग ती नुसतंच "बाओबेई, बाओबेई" म्हणायला लागली, म्हणजे बाळा, सोन्या. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "आई."

खाली उतरणाऱ्या सुरात. चढता सूर त्याच्याकडे उरलाच नव्हता.

पलीकडे काही आवाज नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती पुढे आली, पोराच्या हातातून फोन घेतला आणि तिला जेवढं चिनी येत होतं तेवढ्यात बोलली. मला ऐकू आलं ते एवढंच, "ऐकू येतंय का? तो तुला म्हणाला. तुला."

त्या वर्षी लॉकडाऊन उठल्यावर मी दोघांना भैय्या चौकात कोटणीसांच्या घरी घेऊन गेलो. महापालिकेनं त्यांच्या घराचं स्मारक केलंय. मी तिथे मोठा झालो, त्या चौकातून हजार वेळा गेलो, आत पहिल्यांदा गेलो. धाकट्यानं विचारलं, "त्यांचं बाळ मराठी बोलायचं का?" मी म्हटलं, ते साडेतीन महिन्यांचंच होतं. "मग ते बाबांना काय म्हणायचं?" थोरली म्हणाली, "बाबाच म्हणालं असतं. दोन्हीकडे बाबाच."

बायकोनंच त्याच्यासाठी ऑनलाइन चिनी शिकवणारी बाई शोधली, दोन वर्षांपूर्वी. आठवड्यातून दोन दिवस. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "त्याचं होतं ते. आपण घालवलं." मी त्यावर काही बोललो नाही, फी भरली. आता तो दहा वर्षांचा आहे आणि पुस्तकातलं, बीजिंगचं, इस्त्री केलेलं चिनी बोलतो. महिन्यातून एकदा आयीला फोन होतो. ती म्हणते, पोरगा बातम्या वाचल्यासारखा बोलतो, कालवांचा वास गेला.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांनी भारत-चीन थेट विमानं परत सुरू झाली, कोलकाता-क्वांगचौ. थोरलीची दहावी झाली की जाऊ असं चाललंय. दालियनला कसं पोचायचं, किती ठिकाणी विमान बदलायचं, व्हिसा, पोरांच्या शाळा, माझी रजा, अजून काहीच ठरलेलं नाही. मागच्या महिन्यात आयीला सांगितलं, येतोय, काय आणू? तिनं विचार करून यादी सांगितली. शेंगदाण्याची ती पूड, जास्त आणा. सोलापूरची चादर, पूर्वी आणली होती तशीच, पण निळी. आणि ज्वारीचं पीठ आणू नका म्हणाली. इथे मिळतं, तिनं आधीच आणून ठेवलंय.